नोंदवह्या रद्दीत घालू नका : रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य,
नाशिक.

सप्रेम नमस्कार.

आपल्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात मी अनेक वर्षं प्रभारी परिचारिका होते. निवृत्तीनंतरही बुधवारच्या पाठपुरावा ओपीडीला मदतीला येत राहिले. आपल्यापैकी काही जण मला चेहऱ्याने ओळखतात. रुग्णालयाचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही, कारण मला संस्थेची बदनामी करायची नाही. एक निर्णय मागे घेतलेला हवा आहे. आधी रीतसर अर्ज दिला, मग भेटीची वेळ मागितली. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मंडळाच्या परिपत्रकानुसार असं ठरलं आहे की, आई आणि कमी दिवसांचं, म्हणजे मुदतीआधी जन्मलेलं, बाळ यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडम निवृत्त झाल्या, आता त्यांची संशोधनाची जागा भरायची नाही. कमी दिवसांच्या बाळांची बुधवारची ओपीडी या महिन्याअखेर बंद करायची. संशोधन कक्षातल्या नोंदवह्या 'मुदतबाह्य अभिलेख' म्हणून निर्लेखित करायच्या आणि ती खोली डीलक्स प्रसूती कक्षाला जोडायची. त्याच खोलीत उणे ८० अंशांचा फ्रीजर आहे, त्यात आयांच्या रक्ताचे आणि वारेचे नमुने आहेत. तोही वीजबिलाचं कारण देऊन बंद होणार आहे.

जागा आज ना उद्या भरता येते, ओपीडी पुन्हा सुरू करता येते. नोंदवह्या एकदा रद्दीवाल्याच्या टेम्पोत गेल्या की संपलं. माझी सगळी घाई त्यासाठी आहे.

त्या नोंदवह्या आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिल्या आहेत मला ठाऊक नाही, म्हणून त्या कशा आहेत ते सांगते. जाड पुठ्ठ्याच्या, रुंद पानांच्या. डाव्या पानावर आई, उजव्या पानावर बाळ. आईच्या पानावर तिचं गाव, कितवं बाळंतपण, हिमोग्लोबिन, प्रत्येक तपासणीचं बीपी, लघवीतली प्रथिनं, अंगावरची सूज, साखर, पाणी कधी गेलं, स्टिरॉइडची इंजेक्शनं किती मिळाली आणि प्रसूतीच्या किती तास आधी मिळाली. बाळाच्या पानावर वजन, आठवडे, रडलं का, कण्हत होतं का, बरगड्या आत ओढल्या जात होत्या का, सीपॅपवर (नाकातून सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) किती तास, ऑक्सिजन किती टक्के, सर्फॅक्टंट (फुफ्फुसं उघडी ठेवणारं औषध) द्यावं लागलं का. आणि त्यापुढे, घरी गेल्यानंतरच्या वर्षांचे रकाने.

एरवी कुठल्याही रुग्णालयात आईचा केसपेपर स्त्रीरोग विभागाच्या कपाटात जातो आणि बाळाचा बालरोगच्या. डॉक्टर वेगळे, फाइल वेगळी, कित्येकदा घरी जायचा दिवसही वेगळा. बाळाला श्वास का घेता येत नाही याचं उत्तर पुष्कळदा आईच्या फाइलमध्ये असतं, आणि ती फाइल काढून बघायला बालरोगच्या राउंडमधून कोणी उठून जात नाही. मॅडम जायच्या. त्यांनी दोन्ही विभागांमधलं दार उघडलं आणि आई व बाळाला एकाच उघड्या वहीत आणलं. त्यांच्या सगळ्या कामाचं मर्म मला विचाराल तर ते हेच आहे.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्यांनी एक कोष्टक चिकटवलेलं आहे. ते मला फार मोलाचं वाटतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, हरसूलकडच्या बायांना शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर सांगता येत नसे. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झालेली असेल तर प्रश्नच नाही, पण त्या काळात कितींची होत होती? मग आम्ही विचारायचो, होळीच्या आधी की नंतर? वणीची चैत्रातली यात्रा झाली होती का? आवणी चालू होती का, की भात कापायला आला होता? वाघबारशीला उलट्या सुरू झाल्या होत्या का? प्रत्येक वर्षीच्या सणाची आणि शेतीच्या कामाची तारीख त्या कोष्टकात लिहिलेली आहे. उत्तरं जुळवत जुळवत आठवडे काढायचे, आणि बाळ जन्मल्यावर त्याच्या तळपायावरच्या रेषा, कानाची पाळी, त्वचा बघून ते पुन्हा ताडून घ्यायचे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं एका विश्वस्तांनी एकदा विभागात येऊन विचारलं होतं. तेव्हा राउंड चालू होता आणि उत्तर अर्धवटच राहिलं. ते आज देते.

पोटात असताना बाळाची फुफ्फुसं द्रवाने भरलेली असतात. जन्मल्यावर हवेने भरायची तर आतल्या बारीक वायुकोशांना सर्फॅक्टंट नावाचा एक स्निग्ध थर लागतो. तो साधारण २४व्या आठवड्यापासून तयार व्हायला लागतो आणि ३४-३५व्या आठवड्यापर्यंत पुरेसा होतो. तो नसेल तर ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन्ही बाजू चिकटाव्यात तसे वायुकोश दर श्वासाला मिटतात, आणि पुढचा श्वास पहिल्याइतकाच जड जातो. बाळ कण्हतं ते यासाठीच. श्वास सोडताना गळा आवळून ते आतली हवा धरून ठेवायला बघतं. हा थर नसणं हेच या आजाराचं मूळ आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या दोघांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर चार वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेचौतीस आठवड्यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांत गेला. कारण कळलं होतं, उपाय हातात नव्हता. आज त्या आठवड्यांचं बाळ आपल्या विभागातून आईच्या कुशीत घरी जातं, सुरगाण्याच्या मजुराचंसुद्धा.

मधल्या वर्षांत काय झालं ते थोडक्यात सांगते. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते. कळा कशामुळे सुरू होतात हा त्यांचा प्रश्न होता. फार लवकर जन्मलेलं एक कोकरू, जे जगायला नको होतं, ते श्वास घेताना त्यांना दिसलं. त्याच्या फुफ्फुसांत हवा शिरली होती. ते तिथेच थांबले, आणि पुढे रॉस हॉवी यांच्यासोबत २८२ मातांवर चाचणी करून १९७२ मध्ये दाखवून दिलं की प्रसूतीआधी आईला स्टिरॉइड दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात आणि बाळं वाचतात. जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये बाळांच्या श्वासनळीतून सर्फॅक्टंट देऊन दाखवलं. लिगिन्स यांचं इंजेक्शन मात्र सर्रास वापरात यायला जवळजवळ वीस वर्षं गेली. आपल्याकडे परिचारिकेने आईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधीच डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा पहिला डोस द्यावा, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये आली. सहा मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार डोस. औषध स्वस्तातलं स्वस्त.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग झालं की. शोध लागले, आता नुसतं वापरायचं. मंडळाच्या टिपणात असंच एक वाक्य आहे : 'या विषयावर जगभर पुरेसे संशोधन झालेले आहे.' या वाक्याला माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

हेच स्वस्त, चांगलं, खात्रीचं इंजेक्शन खेड्यापाड्यांत सरसकट द्यायला घेतलं तर काय होतं, हे एका मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. सहा देशांतल्या त्या चाचणीत आपलं नागपूर होतं, बेळगावही होतं. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेले निकाल धक्का देणारे होते. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंका असलेल्या केसेसही वाढल्या. नेमके आठवडे ठाऊक नसल्यामुळे ज्यांना इंजेक्शनची गरज नव्हती अशा पुष्कळ जणींना ते मिळालं होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मोठ्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून आणि बाळाची पुढची काळजी घेता येईल अशाच ठिकाणी, तीच परीक्षा पुन्हा घेतली. २०२० मध्ये निकाल आले. इंजेक्शन मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. औषध तेच होतं, ते कुठे, कोणाला आणि कितव्या आठवड्यात दिलं याने सगळा फरक पडला.

आता ते सणांचं कोष्टक पुन्हा डोळ्यांसमोर आणा. लिगिन्स यांच्या ऑकलंडमध्ये काय चालतं ते ऑकलंडच्या वह्यांतून कळलं. हरसूलहून घाट उतरत, चढत आलेल्या, हिमोग्लोबिन सात असलेल्या, आठवड्यांचा अंदाज होळीवरून काढलेल्या आईच्या बाबतीत काय चालतं, हे फक्त इथल्या वहीतून कळेल.

दुसरा आक्षेप, मंडळाने या वह्यांना 'डिस्चार्ज झालेल्या रुग्णांचा तपशील' म्हटलं आहे, त्या शब्दांना. बाळ घरी गेलं म्हणजे आपलं काम संपलं, असं मंडळाला वाटतं आहे. नवजात शास्त्राचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १९४०च्या दशकात कमी दिवसांच्या बाळांना मोकळ्या हाताने ऑक्सिजन दिला जाई. बाळं गुलाबी दिसत, डॉक्टर समाधानाने घरी पाठवत. काही महिन्यांनी आयांच्या लक्षात येई की बाळ नजर देत नाही. १९५०च्या दशकात नीट चाचणी झाली आणि कळलं की जास्तीचा ऑक्सिजनच डोळ्यांचा पडदा खराब करत होता. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली होती. १९९०च्या दशकात व्हेंटिलेटरवरच्या बाळांना फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोन सढळ हाताने दिलं जाई; त्याने व्हेंटिलेटर लवकर निघे. पुढे त्याच मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) जास्त आढळली, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या व कॅनडाच्या बालरोग संघटनांनी तो सरसकट वापर थांबवायला सांगितलं. दोन्ही वेळा वॉर्डातलं चित्र चांगलं होतं आणि नुकसान घरी जाऊन दिसलं. आपल्या विभागात बाळाच्या पायाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ९५च्या वर गेला तर सिस्टर धावत जाऊन ऑक्सिजन कमी करते. तो नियम अशा पाठपुराव्यातूनच आलेला आहे.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि हिचं दुःख मला सर्वात जास्त आहे. फुफ्फुसांची ताकद मोजायची चाचणी, स्पायरोमेट्री, मूल साधारण पाच-सहा वर्षांचं झाल्याशिवाय नीट करता येत नाही. नळीत पूर्ण जोर लावून फुंकायचं आणि शेवटपर्यंत फुंकत राहायचं, हे लहान मुलाला समजतच नाही. नोंदवहीतली सर्वात मोठी मुलं आता पाचवी-सहावीत आहेत, पण बहुतेक आत्ता कुठे फुंकायच्या वयाला आली आहेत. म्हणजे इतकी वर्षं आपण पेरलं आणि कापणीच्या तोंडावर शेत विकायला काढलं.

गेल्या पावसाळ्यात पेठकडचा एक मुलगा आला होता. जन्मला तेव्हा किलोभराचा होता. आईला बीपी चढून झटके आले म्हणून बाळ लवकर काढावं लागलं होतं. स्पायरोमीटरच्या पडद्यावर मुलांसाठी मेणबत्त्यांचं चित्र असतं, फुंकर पुरली की त्या विझतात. पहिल्या फुंकरीला त्याने गाल फुगवले आणि हवा नाकातून गेली. नाकाला चिमटा लावला. दुसऱ्या वेळी तो मध्येच खोकला. तिसऱ्या वेळी त्याची आई उठून त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि म्हणाली, "फुक, आजून फुक, थांबू नको." सगळ्या मेणबत्त्या विझल्या नाहीत. का विझल्या नाहीत, हे त्याच्या जन्माच्या पानावर असेल, आईच्या पानावर असेल, चुलीच्या धुरात असेल, किंवा द्राक्षाच्या हंगामात आईबाप निफाड-दिंडोरीला मजुरीला जातात तेव्हा बागेत फवारणी चालू असताना तो बांधावर खेळत असतो, त्यात असेल. मॅडमनी हा प्रश्न विचारायला घेतला होता. उत्तराचा दावा त्यांनी कधी केला नाही. पुरेशी मुलं मोजल्याशिवाय त्या बोलत नसत.

आणि त्या दिवशी त्यांनी मुलाच्या आईचंही बीपी घेतलं. १५०/१००. तिला काहीच त्रास होत नव्हता. गरोदरपणात ज्यांचं बीपी चढतं त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतर बायांच्या साधारण दुप्पट असतो, हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे. पण बाळंतपण झालं, झटके थांबले, की त्या बाईचा आणि दवाखान्याचा संबंध तुटतो. स्वतःसाठी ती येत नाही. मुलासाठी येते. म्हणून बुधवारच्या ओपीडीत वजनकाट्याशेजारी बीपीचं मशीन ठेवलेलं असे. या ओपीडीचं 'उत्पन्न शून्य' असं आपल्या टिपणात लिहिलंय. त्या बाईला गोळी सुरू झाली, ही नोंद कुठल्या रकान्यात धरायची ते मंडळाने सांगावं.

'हे सरकारचं काम आहे' असंही म्हटलं गेलं. सरकार आपलं काम करतंय. आशाताई बाळाच्या घरी ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या भेटी देतात, पुढे पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी जातात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत गडचिरोलीतून उभी राहिली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ती आधी गावांमध्ये करून, मोजून, १९९९ मध्ये जगापुढे मांडली आणि २०११ मध्ये ती देशभर आली. म्हणजे सरकारचं कामसुद्धा कुणाच्या तरी नोंदवहीतून आलं. पंधरा महिन्यांनंतर, सहाव्या वर्षी, दहाव्या वर्षी त्या फुफ्फुसांचं काय झालं हे मोजणारी कोणतीही सरकारी भेट नाही.

कागदपत्रांच्या मुदतीबद्दल. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांत दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षं जपायला सांगितलेलं आहे, बरोबर. ती कमीत कमी मुदत आहे. तीन वर्षांनी जाळून टाका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय या नुसत्या दाखल रुग्णांच्या फायली नाहीत. प्रत्येक आईला मॅडमनी किंवा मी बसून समजावून सांगितलं, तिने अंगठा किंवा सही दिली, आणि रक्त दिलं. आपण तिला सांगितलं होतं की ही माहिती तुझ्यासारख्या दुसऱ्या आयांच्या कामी येईल. तो शब्द संस्थेच्या लेटरहेडवर दिलेला आहे. तो मोडायचा असेल तर निदान तिला विचारा, आणि संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीला विचारा. परिपत्रक निघालं तेव्हा नीतिसमितीपुढे हा विषय गेलेला नव्हता.

जुन्या वह्यांचं पुढे काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मॅडम नव्या सिस्टरना नेहमी सांगायच्या. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या प्रमुख आरोग्य परिचारिका होत्या. त्यांच्या देखरेखीखाली १९११ पासून तिथल्या प्रत्येक बाळाची नोंद सुरू झाली. जन्माचं वजन, वर्षाचं झाल्यावरचं वजन, अंगावर पाजलं की बाटलीने, आजारपणं. १९४८ पर्यंत या वह्या लिहिल्या गेल्या आणि मग पडून राहिल्या. १९८०च्या दशकात डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी त्या बाळांना, म्हणजे तोवर म्हातारे झालेल्या माणसांना, शोधून काढलं. कमी वजनाने जन्मलेल्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू जास्त, हे त्यातून कळलं. आणि १९९१ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट छापली : ज्यांचं जन्माचं वजन कमी होतं त्यांची फुफ्फुसं साठी-सत्तरीतही कमकुवत होती, आणि दम्यासारख्या जुनाट श्वसनविकाराने मरण्याचा त्यांचा धोका अधिक होता. जन्म आणि म्हातारपण यांना जोडणारा तो धागा परिचारिकांच्या हस्ताक्षरात होता. कोणीतरी त्या वह्यांना जागा अडवतात म्हणून फेकलं नाही, एवढंच घडलं होतं. आपल्याकडे पुण्यातही गर्भवतींच्या आहारावर १९९३ पासून सुरू झालेल्या अभ्यासातली बाळं आता तिशीत आहेत आणि अजून माहिती देत आहेत. नाशिककरांनी हेवा करावा अशी ती गोष्ट आहे, आणि आपल्याकडे तिची सुरुवात झालेली होती.

मॅडमबद्दल थोडं लिहायलाच हवं. त्यांचं नाव त्यांच्या सांगण्यावरून गाळलं आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर मोठ्या शहरात राहून त्यांनी खासगी प्रॅक्टिस केली असती तर आज त्यांचं स्वतःचं रुग्णालय असतं. त्या इथे आल्या. सीपॅपची यंत्रं अपुरी होती तेव्हा त्यांनी आम्हाला बबल सीपॅप शिकवला : नळीचं टोक पाण्यात किती सेंटिमीटर बुडतं त्यावर बाळाच्या फुफ्फुसांतला दाब ठरतो, आणि बुडबुडे थांबले की कुठेतरी हवा गळते आहे. रात्रपाळीला मी कित्येकदा डोळे मिटूनही सांगू शकत असे की कुठल्या पाळण्याचे बुडबुडे थांबले. आठव्या महिन्यातलं बाळ जगत नाही, सातव्यातलं जगतं, हा समज घेऊन नातेवाईक यायचे आणि आठव्या महिन्यातल्या बाळावर खर्च करायला कचरायचे. मॅडम त्यांना काचेपाशी नेऊन दोन बाळं शेजारी शेजारी दाखवायच्या, कोणतं किती श्रमाने श्वास घेतंय ते बोटाने दाखवायच्या, आणि प्रत्येक आठवडा पोटात मिळाला तर बाळाची फुफ्फुसं कशी बळकट होतात ते सांगायच्या. मोठ्या आवाजात त्या कधी बोलल्या नाहीत. मासिकांत छापून येण्यापेक्षा वही पूर्ण असण्याची त्यांना जास्त काळजी. एखादं मूल ठरल्या वेळी आलं नाही की त्या आशाताईंना फोन लावायच्या, आशाताई पाड्यावर जायच्या. निरोपसमारंभात मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं, भाषणं छान झाली. त्यानंतर लगेच हे परिपत्रक लागलं. मला ते फार लागलं.

पैशाची अडचण खरी असेल, ती मी नाकारत नाही. पण मार्ग शोधलेच नाहीत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे, म्हसरूळला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. अशा वह्या ज्यांच्याकडे नाहीत त्या संस्था त्या मिळवायला धडपडतात. आपण एकदा विचारून पाहिलं का?

माझ्या मागण्या अशा आहेत.

नोंदवह्यांचं निर्लेखन आजच्या आज थांबवावं आणि तसं लेखी कळवावं. खोली हवीच असेल तर वह्या कोरड्या, कुलूपबंद जागी हलवाव्यात. त्याची यादी दोघांच्या सहीने व्हावी.

फ्रीजरची वीज नीतिसमितीचा निर्णय होईपर्यंत बंद करू नये, आणि जनरेटरच्या लाइनवर तो जोडलेला राहावा.

सर्व पानांचं स्कॅनिंग करून घ्यावं. आयांची नावं झाकून, फक्त क्रमांक ठेवून. शिकणाऱ्या नर्सिंगच्या मुली आणि निवृत्त सिस्टर मिळून हे काम विनामोबदला करायला तयार आहेत.

दर बुधवार जमत नसेल तर महिन्यातून दोनदा तरी ओपीडी चालू ठेवावी. स्पायरोमीटर आहे, वजनकाटा आहे, बीपीचं मशीन आहे. एक डॉक्टर आणि एक सिस्टर द्या.

मॅडमची जागा भरावी. पूर्णवेळ परवडत नसेल तर अर्धवेळ भरावी, पण त्या व्यक्तीला स्त्रीरोग आणि बालरोग अशा दोन्ही विभागांच्या फायली उघडायचा अधिकार असावा. तो अधिकार नसेल तर नुसत्या पगाराचा उपयोग नाही.

आणि हे सगळं ठरवण्याआधी वहीतल्या काही आयांना मंडळाच्या बैठकीला बोलवावं. गाडीभाड्याची सोय आम्ही करू.

वह्यांतली लघुरूपं, खुणा, सणांचं कोष्टक कसं वाचायचं, हे समजावून द्यायला मी कोणत्याही दिवशी येईन. महिनाअखेरीच्या आत उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रभारी परिचारिका
नवजात अतिदक्षता विभाग, नाशिक